पाणी काचेसारखं, पण कोरल उपाशी: नव्या रीफ टँकमधल्या 'शून्य'चं काय करायचं?

केळघर घाटात रेंज गेली आणि भाग अर्धाच ऐकला, असं सांगणाऱ्या सगळ्यांसाठी आजचा भाग लिहून देतोय. बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय. आकडे मात्र नीट मांडलेत, कारण या भागात आकडे बरेच आहेत आणि ते ऐकताना निसटतात.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजमधून आला. पाठवणारा आमच्या मेढ्यातलाच, कॉलेजला साताऱ्याला जाऊन-येऊन करणारा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "दादा, दोनशे लिटरचा टँक आहे, साडेतीन महिने झाले. पाणी एकदम काचेसारखं. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. सगळे म्हणतात एक नंबर पाणी. मग माझे झोआ आठ दिवस मिटून का बसलेत? वाळूवर तपकिरी शेंबडासारखं काहीतरी येतंय. तीन गोगलगायी मेल्या. घरचे म्हणतात विकून टाक."

तर मित्रा, आणि याच टप्प्यावर अडकलेले बाकीचे सगळे, उत्तर आधी सांगतो आणि मग कारण. तुझ्या टँकची अडचण ते दोन शून्यच आहेत. पाणी स्वच्छ आहे हे खरं, पण त्यात खायला काही उरलेलं नाही. यातून बाहेर पडता येतं, टँक विकायची गरज नाही. पण घाई केली तर उरलेली जनावरंही जातील, म्हणून क्रमाने जाऊ.

शून्य चांगलं, हे आपल्या डोक्यात कुठून आलं?

आपल्यापैकी बहुतेक जण गोड्या पाण्यातून खाऱ्याकडे आलेत. आधी गप्पी, मग गोल्डफिश, मग हे वेड. गोड्या पाण्यात पहिला धडा असा की माशांची घाण म्हणजे अमोनिया, त्याचं नायट्राइट, त्याचं नायट्रेट, आणि नायट्रेट वाढलं की पाणी बदला. म्हणजे नायट्रेट हा कचरा, कचरा जितका कमी तितकं बरं. रीफ टँकमध्येही नायट्रेट-फॉस्फेट फार वाढलं की हिरवं केसाळ शेवाळ माजतं, हेही खरं.

त्यात कुणीतरी सांगतं की समुद्रात प्रवाळ असतात तिथे नायट्रेट साधारण ०.२ पीपीएमच्या आत असतं आणि फॉस्फेट पीपीएमच्या शंभराव्या भागाच्या आसपास. हेही बरोबर. मग आपण म्हणतो, चला, आपणही शून्य करू.

इथे एक गोष्ट सुटते. टेस्ट किट फक्त शिल्लक दाखवतं, आवक दाखवत नाही. बँक खात्याचं उदाहरण घ्या. एखाद्याच्या खात्यात दोनशे रुपयेच असतात, पण रोज दूध घालून रोज पैसे येतात. त्याचं घर चालतं. दुसऱ्याच्या खात्यात दोनशे आहेत आणि येणं बंद आहे. पासबुकात दोघे सारखेच दिसतात.

समुद्रातला प्रवाळ पहिल्या माणसासारखा आहे. लाटा आणि प्रवाह रात्रंदिवस प्लँक्टन आणतात. वरून माशांचे थवे फिरतात, त्यांचं मलमूत्र पडतं. पाण्यात विरघळलेलं नायट्रेट कमी दिसतं, कारण आलेलं लगेच खाल्लं जातं. आपल्या नव्या टँकमध्ये दोन छोटे क्लाउनफिश, दिवसातून एकदा चिमूटभर खाणं, आणि वर तीनशे लिटरसाठी बनवलेला स्किमर. आवक जवळजवळ नाहीच.

कासच्या पठारावर जाऊन बघा

हे समजायला मालदीवला जायची गरज नाही. आपल्याला कासचं पठार जवळ आहे. २०१२ साली पश्चिम घाटाच्या यादीतून ते जागतिक वारशात गेलं. सप्टेंबरमध्ये फुलं बघायला आपण जातोच. पण खाली जमीन बघितली आहे का कधी? जांभा दगड, त्यावर बोटभर माती, कुठे तेवढीही नाही. पावसात असेल-नसेल तो नत्र वाहून जातो. शेतकऱ्याला विचारलं तर म्हणेल, इथं काय पिकणार!

तरी तिथे किती जातींची फुलं येतात. आणि त्यातली दोन नीट बघा. एक दवबिंदू, लाल केसांच्या टोकाला चिकट थेंब असणारी, किडे धरणारी. दुसरी सीतेची आसवं, जांभळी नाजूक फुलं, आणि खाली ओल्या मातीत बारीक फुगे असतात त्यात ती सूक्ष्म जीव ओढून घेते. या वनस्पती किडे का खातात? ऊर्जा तर त्यांना उन्हातून मिळते. त्यांना कमी पडतं ते नत्र आणि स्फुरद. जमीन देत नाही म्हणून त्या शिकार करतात.

कोरल हुबेहूब हेच करतं. उजेडातून साखर, आणि शिकारीतून नत्र-स्फुरद. आता दवबिंदूच्या रोपावर काचेची बरणी उलटी ठेवली, एकही किडा आत येऊ दिला नाही, आणि वर म्हणालो की 'बघा, कासची माती किती निकस, तरी हे जगतं', तर ते चुकीचं होईल ना? रीफ टँकमध्ये सगळं शून्य ठेवणं म्हणजे ती बरणी.

उलट बाजूही लक्षात ठेवा. कासवर युरियाची पोती रिकामी केली तर गवत माजेल आणि ही नाजूक फुलं दबून जातील. म्हणून आपल्याला भरपूर नकोय, थोडं आणि सतत हवंय.

कोरलच्या आत काय चालतं

कोरल हा प्राणी आहे, पण त्याच्या पेशींमध्ये एकपेशीय शैवाल राहतं. त्यांना झूझँथेली म्हणतात. ते उजेडात साखर बनवतात आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतात. कोरलच्या ऊर्जेच्या गरजेचा बहुतांश भाग असा घरातच भागतो.

पण नुसत्या साखरेवर अंग भरत नाही. ऊर्जा मिळते, पण प्रथिनं बनवायला नत्र लागतं. पेशीचं पटल, डीएनए, ऊर्जेची देवाणघेवाण यांना स्फुरद लागतं. हे दोन्ही संपलं की आधी झूझँथेलींची गडबड होते, कोरल फिकट पडतं, मग पॉलिप उघडणं कमी होतं, मग मांस आक्रसतं.

यावर संशोधनही झालंय. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या यॉर्ग वीडेनमान आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट तुटपुंजं अशी स्थिती असली की कोरल उष्णता आणि तीव्र उजेडाला लवकर बळी पडतं, म्हणजे पांढरं पडतं. आपल्यासाठी त्याचा अर्थ सोपा आहे: दोन्हीपैकी फॉस्फेट पूर्ण संपणं जास्त घातक. कडक एलईडी लावून फॉस्फेट शून्य ठेवणं तर आणखी वाईट.

दुसरं एक जुनं काम मला फार आवडतं. १९८३ साली 'सायन्स' या नियतकालिकात जुडी मायर आणि सहकाऱ्यांचा लेख आला. कॅरिबियन समुद्रात काही मासे दिवसा कोरलच्या डोक्यावर थवा करून विसावतात. ज्या कोरलवर असे थवे बसत होते, ती जास्त वेगाने वाढत होती. खत माशांचं, घर कोरलचं. म्हणजे टँकमध्ये मासे ही शोभेची वस्तू नाही, तो खताचा पुरवठा आहे.

मालवणचं पाणी नितळ नाही, तरीही

आपल्याच महाराष्ट्रात प्रवाळ आहेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला आहेत, तिथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं. विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर भर समुद्रात पाण्याखाली आंग्रिया बँक आहे. नाव सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावरून, म्हणजे आपल्या साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळातलं नाव त्या पाण्याखालच्या पठाराला आहे.

आंग्रियाचं पाणी किनाऱ्यापासून लांब, म्हणून स्वच्छ. मालवणचं मात्र तसं नाही. पावसाळ्यात नद्यांचा गाळ, शेतातून वाहून आलेलं सगळं तिथे येतं. तरी पोराइट्स, टर्बिनारिया अशी चिवट कोरलं तिथे टिकून आहेत. याचा अर्थ घाण पाणी चांगलं असा काढू नका. जास्त गाळ आणि जास्त पोषण यांनी प्रवाळांचं नुकसान होतंच. पण कोरल जगण्यासाठी टेस्ट किटवर शून्य दिसलंच पाहिजे, ही अट निसर्गाने घातलेली नाही.

नव्याच टँकमध्ये हे का होतं?

चार कारणं आहेत आणि बहुतेक वेळा चारही एकदम असतात.

पहिलं, कोरडा खडक. आपण बहुतेक जण ड्राय रॉक वापरतो. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतो, आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटतं. नवा खडक स्पंजसारखा फॉस्फेट ओढत राहतो, पाण्याशी समतोल होईपर्यंत. तुम्ही सकाळी घातलेलं संध्याकाळी गायब होतं ते यामुळे.

दुसरं, आवक कमी. मासे दोन-तीन, खाणं बेताचं.

तिसरं, बाहेर काढणारी यंत्रणा जास्त. मोठा स्किमर, फॉस्फेट शोषणारी लोहाची गोळी म्हणजे जीएफओ, सम्पमध्ये वाढवलेलं चीटो शेवाळ, शिवाय दर आठवड्याला पाणी बदल. हे सगळं भरलेल्या टँकसाठी असतं. रिकाम्या घरात चार झाडूवाले लावल्यासारखं होतं.

चौथं, जीवसृष्टी अपुरी. समुद्रातल्या खडकावर हजारो प्रकारचे जिवाणू, किडे, शैवाल असतात, ते जागा धरून बसतात. कोरड्या खडकावर जागा मोकळी असते. मोकळ्या जागेत, पोषण संपलेलं असताना, जो कमी पोषणात तगतो तो आधी पसरतो. आणि तिथेच ते तपकिरी शेंबडासारखं येतं.

आधी ठरवा: शून्य खरं की खोटं?

औषध सुरू करायच्या आधी ही तपासणी करा, नाहीतर उलटंच होईल. कधीकधी टँकमध्ये पोषण भरपूर येत असतं, पण शेवाळ ते लगेच खाऊन टाकतं आणि किट शून्य दाखवतं.

काच बघा. रोज-दोन रोजांत काचेवर हिरवा थर येत असेल, खडकावर हिरवं केसाळ शेवाळ वाढत असेल, तर तुमचं शून्य खोटं आहे. खाणारा जास्त आहे इतकंच. तिथे नायट्रेट घालू नका, आधी हाताने शेवाळ काढा.

काच आठवडाभर पुसावी लागत नाही, कोरल फिकट होतंय, झोआ मिटलेत, तर शून्य खरं आहे.

किटही तपासा. मुदत संपली का? रंगाच्या किटवर ०.०३ आणि शून्य यातला फरक डोळ्याला कळत नाही, म्हणून फॉस्फेटसाठी डिजिटल चेकर घेणं परवडतं. काही चेकर फॉस्फेट न दाखवता फॉस्फरस दाखवतात, तेही पीपीबीमध्ये. तेव्हा आकड्याला ३.०७ ने गुणायचं आणि १००० ने भागायचं. उदाहरणार्थ १० पीपीबी फॉस्फरस म्हणजे जवळपास ०.०३ पीपीएम फॉस्फेट. तसंच काही किट नायट्रेटऐवजी त्यातलं नायट्रोजन दाखवतात, त्याला ४.४ ने गुणायचं. डबीवर काय लिहिलंय ते वाचा.

तो तपकिरी शेंबूड कोण?

तीन शक्यता असतात. डायटम असेल तर भुकटीसारखा थर, फुंकला की उडतो, नव्या टँकमध्ये येतो आणि आपोआप जातो. सायनो असेल तर लालसर-जांभळी चादर, एका तुकड्यात उचलली जाते. डायनोफ्लॅजेलेट, ज्याला आपण डायनो म्हणतो, ते चिकट तारांसारखे असतात, तारांत हवेचे बुडबुडे अडकतात, दुपारी भरपूर दिसतात आणि रात्री दिवे गेले की कमी होतात. गोगलगायी मरत असतील तर संशय डायनोवरच.

घरची परीक्षा अशी. थोडा चिकटा टँकच्या पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवा, कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा, गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. पुन्हा तारा, गोळे जमले तर बहुतेक डायनो. पक्कं करायचं तर कॉलेजच्या बायोलॉजी लॅबमधला सूक्ष्मदर्शक चारशेपटीवर पुरतो. तिळासारखा, एका टोकाला निमुळता, एका जागी गोल फिरणारा दिसला तर ऑस्ट्रिऑप्सिस. अंडाकृती, सरपटत जाणारा आणि मुख्यतः वाळूतच असेल तर अँफिडिनियम. हे कळणं उपयोगी आहे. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगतो, म्हणून त्याला यूव्ही दिवा लागू पडतो. अँफिडिनियम वाळू सोडत नाही, त्याला यूव्हीचा फारसा फरक पडत नाही.

आता एक गंभीर गोष्ट. ऑस्ट्रिऑप्सिसच्या काही जाती आणि काही झोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन किंवा त्याच्या जवळचं विष असतं. नळी तोंडाने ओढून पाणी काढू नका. हातमोजे आणि चष्मा घाला, हाताला जखम असेल तर टँकमध्ये हात घालू नका. झोआ असलेला खडक कधीही गरम पाण्यात टाकू नका, उकळू नका, त्या वाफेने माणसं दवाखान्यात पोचलेली आहेत. घरात लहान मुलं असतील तर हे काम ती झोपल्यावर, खिडक्या उघड्या ठेवून करा.

मग करायचं काय? क्रमाने

लक्ष्य आधी लिहून ठेवा: नायट्रेट साधारण ५ पीपीएम, फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या आसपास. नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ या पट्ट्यात राहिलं तरी झोपा निवांत.

इथे कुणीतरी रेडफिल्डचं गुणोत्तर सांगेल. अल्फ्रेड रेडफिल्ड या शास्त्रज्ञाने समुद्री प्लँक्टनमध्ये नत्राचे १६ अणू तर स्फुरदाचा १ असं प्रमाण मांडलं. ते अणूंचं प्रमाण आहे. वजनात मोजलं तर नायट्रेट-फॉस्फेट साधारण १० ला १ येतं. पण टँक त्या गुणोत्तरावर चालवायचा नसतो. दोन्ही आहेत ना, आणि रोज आहेत ना, एवढंच बघा.

पायरी १: काढणं कमी करा. जीएफओ बंद. व्होडका, व्हिनेगर किंवा कुठलंही कार्बन डोसिंग बंद. चीटोवरचा दिवा अर्ध्या वेळेवर. स्किमर पूर्ण बंद करू नका, कारण तो पाण्यात हवाही मिसळतो. त्याचा कप वर उचलून फेस कमी काढा किंवा दिवसाचे काही तास चालवा. डायनो असतील तर तूर्त मोठे पाणी बदल थांबवा. पाणी बदललं की उरलंसुरलं पोषणही जातं आणि डायनोंना पुन्हा मोकळं रान मिळतं.

पायरी २: खाणं वाढवा. हा सगळ्यात चांगला मार्ग आहे, कारण खाण्यातून नायट्रेट-फॉस्फेटबरोबर अमोनिया, बारीक कण, अमिनो आम्लं सगळंच येतं. दिवसातून एकदाच्या जागी दोन-तीनदा थोडं थोडं. गोठवलेले मायसिस किंवा ब्राइन श्रिम्प. ते मिळत नसतील तर बाजारातली ताजी कोळंबी, मीठ-मसाला न लावलेली, सोलून अगदी बारीक करून फ्रीझरमध्ये ठेवा. टँकला झेपत असेल तर एखादा मासा वाढवा, पण डायनो जोरात असताना नको.

पायरी ३: तरीही शून्यच, तर डोस. तयार बाटल्या मिळतात, पहिल्यांदा करणाऱ्याने त्याच वापराव्यात. स्वतः बनवायचं असेल तर हिशेब असा.

नायट्रेटसाठी लॅब ग्रेड सोडियम नायट्रेट १३.७ ग्रॅम, एक लिटर शुद्ध आरओ-डीआय पाण्यात. या द्रावणाचे १० मिली १०० लिटर पाण्यात घातले की नायट्रेट १ पीपीएमने वाढतं. पोटॅशियम नायट्रेट वापरलं तर १६.३ ग्रॅम.

फॉस्फेटसाठी लॅब ग्रेड मोनोपोटॅशियम फॉस्फेट १.४३ ग्रॅम, एक लिटर शुद्ध पाण्यात. याचा १ मिली १०० लिटरमध्ये ०.०१ पीपीएम वाढवतो. वजन करायला सोनाराकडे असतो तसला, ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो. स्वयंपाकघरातला चालणार नाही.

तुझा टँक दोनशे लिटरचा, खडक-वाळूची जागा सोडली तर पाणी समज १७० लिटर. म्हणजे नायट्रेट १ पीपीएम वाढवायला १७ मिली, फॉस्फेट ०.०१ वाढवायला १.७ मिली. दिवसाला नायट्रेट १ पीपीएमपेक्षा जास्त आणि फॉस्फेट ०.०२ पेक्षा जास्त वाढवू नकोस. दुसऱ्या दिवशी डोसच्या आधी मोज. फॉस्फेट पुन्हा शून्य दिसलं तर दचकू नकोस, खडकाने ओढलं. पुन्हा तेवढंच घाल. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, आकडा टिकायला लागतो. टिकला की डोस कमी कर आणि खाण्यावर भागतंय का बघ.

आता आपल्याकडचा खास प्रश्न. महाबळेश्वर-जावळी पट्ट्यात घरोघरी स्ट्रॉबेरी, आणि ठिबकमधून सोडायची खतं कृषी सेवा केंद्रात मिळतात. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ००:५२:३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. नावं तीच. मग घरातलीच पिशवी का नको? कारण ती शेतीसाठी बनवलेली असते. तिच्यात इतर क्षार, काही ब्रँडमध्ये मिसळलेली सूक्ष्म अन्नद्रव्यं असू शकतात, आणि तांब्याचा अंश गोगलगायी-कोळंबीला मारतो. १२:६१:०० तर अजिबात नको, त्यातलं नत्र अमोनियमच्या रूपात असतं. १९:१९:१९ आणि युरियाही नको. पन्नास-शंभर रुपये वाचवायला टँक पणाला लावू नका.

पायरी ४: उजेड उतरवा. पोषण नसताना कडक उजेड म्हणजे उपाशी माणसाला घाटात पळवणं. दिव्याची तीव्रता तीसेक टक्के कमी करा, पांढरा चॅनल कमी, वेळ सहा-सात तास. कोरलचा रंग परतला की हळूहळू वाढवा.

पायरी ५: क्षारता मर्यादेत ठेवा. पोषण कमी असताना अल्कलिनिटी ७ ते ८.५ डीकेएचमध्ये बरी. काही रीफ सॉल्ट ११-१२ वर मिसळतात. पाकीट वाचून घ्या.

पायरी ६: डायनोंना जागा देऊ नका. चिकटा रोज बारीक नळीने काढा, ते पाणी फिल्टर सॉकमधून गाळून परत टँकमध्ये सोडा, म्हणजे पाणी बदल होत नाही. डायनोंचं विष शोषायला चांगला कार्बन वापरा. ऑस्ट्रिऑप्सिस असेल तर यूव्ही. जमलं तर एखाद्या निरोगी, जुन्या टँकमधली मूठभर वाळू किंवा छोटा खडक आणा, त्यातून नवे जिवाणू आणि किडे येतात. पुढे हिरवं शेवाळ दिसायला लागलं तर वैतागू नका. तपकिरीची जागा हिरव्याने घेतली म्हणजे गाडी रुळावर येतेय.

मेढ्यात बसून समुद्र सांभाळताना

पाणी: घरातला पिण्याचा आरओ चालत नाही. चव यावी म्हणून त्यात कच्चं पाणी किंवा खनिजं मिसळतात, टीडीएस पन्नास-शंभर येतो. डीआय रेझिन जोडा आणि टीडीएस शून्य बघूनच मीठ घाला. खारटपणा ३५ पीपीटी, म्हणजे घनता १.०२५-१.०२६.

वीज: पावसाळ्यात इकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. पोषण वाढवलेल्या टँकमध्ये प्राणवायू जास्त लागतो. बॅटरीवरचा एअर पंप ठेवाच. लाइट गेलेली असताना खाणं घालू नका.

थंडी: डिसेंबर-जानेवारीत रात्री पाणी उतरतं. हीटर २५ अंशांवर ठेवा.

कायदा: दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आले. मालवण, रत्नागिरी, कुठल्याही किनाऱ्यावरून प्रवाळ उचलणं गुन्हा आहे, मेलेलं असलं तरी. आपण ड्राय रॉक वापरायचा, झोआ, मश्रूम, लेदर अशा मऊ जातींवर राहायचं आणि विकणाऱ्याकडे आयातीचे कागद मागायचे. कागद नसतील तर घेऊ नका.

किती दिवस धीर धरायचा?

पहिला आठवडा फारसं काही दिसणार नाही. आकडा हलला तरी कोरल लगेच उघडत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात झोआंच्या कडा आधी उघडतात, काचेवर हलका थर येतो. तो थर बघून आनंद झाला पाहिजे. डायनो जायला महिना-दोन महिने लागू शकतात, मध्येच परतही येतात. एका वहीत रोज तारीख, नायट्रेट, फॉस्फेट, डोस आणि एक फोटो ठेवा. दोन आठवड्यांच्या आत योजना बदलू नका.

घरचे विकून टाक म्हणतात, त्याचं उत्तरही देतो. आत्ता विकलास तर घेणारा ते आजारी टँक पुन्हा धुऊन, पाणी बदलून, शून्यावरच नेईल. त्यातले झोआ कुठल्या तरी समुद्रातून विमानाने, मग बसने, मग मेढ्याच्या स्टँडवरून तुझ्या घरी आलेत. त्यांना सहा आठवडे द्यायला हरकत नाही. रोजचा खर्च म्हणशील तर दोन चमचे कोळंबी आणि काही मिली द्रावण.

पुढच्या भागात डायटम आणि सिलिकेटवर बोलू, कारण अँफिडिनियमवाल्यांना त्याची गरज पडणार आहे. तोवर वहीत पहिला आकडा आजच लिहा. भेटूच!